हंगामी साथी आणि शाळेचा हजेरीपट

महाराष्ट्रातील शाळांचे नवे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे ते जूनच्या अखेरीस सुरू होते. नैऋत्य मोसमी पाऊसही याच सुमारास राज्यात स्थिरावतो. केरळात तर १ जून ही शाळा उघडण्याची आणि मोसमी पावसाच्या आगमनाची अशी दोन्हींची रूढ तारीख आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी विखुरलेली मुले ज्या आठवड्यात एका खोलीत एकत्र येतात, त्याच आठवड्यात पावसामुळे त्या खोलीच्या खिडक्या बंद होतात. सुट्टीभर बंद असलेल्या पाण्याच्या टाक्या घाईघाईने भरल्या जातात, ओल्या गणवेशातील चाळीस-पन्नास मुले एकमेकांना खेटून बसतात आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गावर्गांत ताप, खोकला, जुलाब आणि डोळे येणे सुरू होते. हा योगायोग नवा नाही आणि अनपेक्षित तर मुळीच नाही. तरीही विद्यार्थ्यांमधील संसर्गजन्य आजारांविषयीची परिपत्रके बहुधा साथ पसरल्यानंतरच निघताना दिसतात.

या परिपत्रकांचा भर फवारणी, साबण, उकळलेले पाणी आणि लस यांवर असतो. त्यांचे महत्त्व वादातीत आहे. मात्र प्रत्येक शाळेत रोज सकाळी न चुकता हाताळले जाणारे जे एक साधन आहे, त्याचा या संदर्भात फारसा विचार झालेला नाही. ते साधन म्हणजे हजेरीपट. कोणत्या वर्गात, कोणत्या दिवशी, किती मुले आली नाहीत, याची नोंद देशातील लाखो वर्गांत दररोज होते. ही नोंद आजाराची पहिली चाहूल देऊ शकते. प्रत्यक्षात मात्र हजेरीविषयीची आपली धारणा आजारी मुलाला घरी थांबू देण्याऐवजी त्याला शाळेत ओढून आणण्यास हातभार लावते, असे म्हणावे लागते.

पुण्यातील २००९ चा अनुभव या दृष्टीने आठवण्यासारखा आहे. त्या वर्षी मे महिन्यात हैदराबाद येथे देशातील पहिला स्वाइन फ्लूचा रुग्ण आढळला. ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक महासाथ जाहीर केली. जुलैमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत या विषाणूचा उद्रेक झाला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने त्याचा तपास केला. ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या आजाराने देशात झालेला तो पहिला मृत्यू होता. त्यानंतरचे दृश्य पुणेकरांच्या स्मरणात आहे. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, औषधांच्या दुकानांतून संपलेले मास्क, तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर. पुण्यात आणि पाठोपाठ मुंबईत शाळा आठवडाभर बंद ठेवण्यात आल्या.

शाळा बंद करणे हा त्या क्षणी उपलब्ध असलेला निर्णय होता आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु अशा बंदमुळे संसर्गाचा वेग काही काळ मंदावतो आणि शाळा उघडल्या की तो पुन्हा वाढू शकतो, ही मर्यादा साथरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. शिवाय मार्च २०२० नंतरच्या दीर्घ बंदने हेही दाखवून दिले की बंद शाळेची किंमत वाचन-लेखन विसरलेल्या मुलांना मोजावी लागते. म्हणून सर्वांची शाळा बंद करण्याची वेळ येण्यापूर्वी जी चार मुले आजारी आहेत त्यांना चार दिवस घरी थांबवता येते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. वरवर तो अगदी साधा वाटतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘हंगामी आजार’ हा शब्दप्रयोग आपण सरसकट वापरतो, पण संपूर्ण देशाचा हंगाम एक नाही. पुणे, दिल्ली, लखनौ या शहरांत इन्फ्लुएन्झाचा मोठा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात असतो. श्रीनगरात तो कडाक्याच्या थंडीत, जानेवारी ते मार्च या काळात दिसतो. कांजिण्या आणि गोवर हिवाळा सरताना डोके वर काढतात, म्हणजे नेमके वार्षिक परीक्षांच्या तोंडावर. कावीळ आणि विषमज्वर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर आणि पुन्हा पावसाळ्यात पाणी गढूळ झाल्यावर उसळतात. डेंग्यू पावसाच्या उत्तरार्धात येतो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत रेंगाळतो. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात, गोरखपूरच्या परिसरात, जपानी मेंदूज्वराचे सावट पाऊस ओसरू लागताना गडद होत असे. तेथे २००६ पासून लसीकरणाच्या मोहिमा हाती घ्याव्या लागल्या. तात्पर्य, दिल्लीहून एकच दिनदर्शिका काढून ती काश्मीरपासून केरळपर्यंत लावता येत नाही. जिल्ह्याची स्वतःची दिनदर्शिका असणे गरजेचे आहे आणि ती तयार करण्यासाठी लागणारी माहिती शाळांच्या जुन्या हजेरीपटांत अंशतः पडून आहे.

मराठीत रोगाच्या प्रसाराला आपण ‘साथ’ म्हणतो आणि सोबतीलाही साथच म्हणतो. भाषांतराचे काम करणाऱ्याला हा शब्द वेळोवेळी थबकायला लावतो, कारण बाकावरच्या सोबतीतूनच रोग पसरतो हे त्यात अनायासे सांगितले गेले आहे.

आता आजारी मुलाने घरी का थांबावे, याचे शास्त्रीय कारण पाहू. इन्फ्लुएन्झाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून ते त्यानंतर पाच ते सात दिवस विषाणू पसरवू शकतो. लहान मुलांत हा काळ अधिक लांबतो. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस आणि पुरळ उठल्यानंतर चार दिवस संसर्ग पसरवतो. कांजिण्यांत पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत धोका राहतो. गालगुंडात गाल सुजल्यापासून पाच दिवस जपावे लागते. कावीळ अ प्रकारात तर विषाणूचे उत्सर्जन डोळे पिवळे होण्यापूर्वीच सर्वाधिक असते. या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला म्हणजे केवळ लक्षणे पाहून मुलाला वेगळे केले तरी काही संसर्ग आधीच झालेला असणार. म्हणजे घरी थांबवणे हा एकमेव उपाय असू शकत नाही. दुसरा म्हणजे लक्षणे दिसल्यानंतरही संसर्गाचे अनेक दिवस शिल्लक असतात आणि ते वर्गात घालवायचे की घरी, हे आपल्या हातात असते.

पारंपरिक समाजाने यातील काही गोष्टी आपल्या परीने ओळखल्या होत्या. गोवर किंवा कांजिण्या आलेल्या मुलाला ‘देवी आली’ म्हणून घरात ठेवणे, दारावर कडुनिंबाचा डहाळा लावणे, बाहेरच्यांना आत येऊ न देणे, ही प्रथा महाराष्ट्रात होती आणि उत्तर भारतात ‘माता’ म्हणून तीच रीत दिसते. औषधोपचार टाळण्यास कारणीभूत ठरल्याने या समजुतीने नुकसानही पुष्कळ केले, हे विसरता येत नाही. पण रुग्ण घरात राहत असे. ताप-खोकल्याला असे कोणतेही दैवी कवच नाही. पुरळ दिसते, लाल डोळा दिसतो. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी परिसरातून सुरू होऊन राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा लाल डोळ्यांच्या मुलांना शाळांनी तत्काळ घरी पाठवले. (रुग्णाच्या डोळ्यांत पाहिल्याने डोळे येतात हा समज मात्र तेव्हाही कायम होता. प्रत्यक्षात हा संसर्ग हात, रुमाल आणि टॉवेल यांच्यामार्फत होतो. काळ्या चष्म्याने रुग्णाच्या डोळ्याला आराम मिळतो, शेजाऱ्याचे रक्षण होत नाही.) खोकणाऱ्या मुलाला मात्र पाठीमागच्या बाकावर बसवले जाते आणि तास सुरू राहतो.

या ठिकाणी हजेरीचा प्रश्न येतो. वर्षभरात एकही खाडा न करणाऱ्या विद्यार्थ्याचा स्नेहसंमेलनात सत्कार करण्याची प्रथा देशातील असंख्य शाळांत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांना बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. वैद्यकीय कारणास्तव सवलतीची तरतूद आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रे जमवावी लागतात. महाराष्ट्रात १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींना उपस्थितीच्या प्रत्येक दिवसामागे १ रुपया भत्ता देण्याची योजना राबवण्यात आली. या सर्व व्यवस्थांमागील हेतू स्तुत्य होता. मुले, विशेषतः मुली, शाळेतून गळू नयेत यासाठी त्या आणल्या गेल्या आणि गळती ही त्या काळी शिक्षण क्षेत्रातील सर्वांत मोठी चिंता होती. तथापि गळती रोखण्याचा नियम ताप आलेल्या दिवशीही तसाच लागू होतो, तेव्हा त्याचा परिणाम बदलतो. ज्या मुलीचा सत्कार अवघ्या दोन दिवसांवर आला आहे, ती १०१ अंश तापातही दप्तर उचलते; घरच्यांनाही त्यात कौतुकच वाटते.

जपानमधील व्यवस्था येथे उल्लेखनीय आहे. तेथील शालेय आरोग्य व सुरक्षा कायद्यानुसार इन्फ्लुएन्झा झालेल्या विद्यार्थ्याला लक्षणे सुरू झाल्यानंतर पाच दिवस आणि ताप उतरल्यानंतर दोन दिवस, असे दोन्ही कालावधी पूर्ण होईपर्यंत शाळेत येता येत नाही. महत्त्वाची बाब अशी की हे दिवस अनुपस्थितीत मोजले जात नाहीत. त्यांची नोंद ‘उपस्थिती स्थगित’ अशा स्वतंत्र रकान्यात होते. एखाद्या वर्गात रुग्ण वाढले तर संपूर्ण शाळा बंद न करता तेवढाच वर्ग काही दिवस बंद ठेवला जातो. जपानची संपन्नता आणि तेथील पालकांची स्थिती आपल्याकडे नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. परंतु हजेरीपटात एक जादा रकाना आखण्यासाठी संपन्नतेची गरज नसते.

‘ग’ म्हणजे गैरहजर, या एका अक्षराऐवजी आजारपणामुळे गैरहजर असल्याची वेगळी खूण आणि तिच्यापुढे ताप, पुरळ, जुलाब किंवा डोळे असा एक शब्द नोंदवला गेला, तर वर्गशिक्षकाला चार दिवसांत काय दिसेल याची कल्पना करावी. एकाच वर्गातील तीन मुले एकाच आठवड्यात जुलाबाने गैरहजर असतील, तर शाळेच्या टाकीचे पाणी तपासण्याची ती वेळ असते. पाच मुलांना पुरळासह ताप असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवायला हवे. आज ही माहिती शिक्षकाच्या डोक्यात असते, कागदावर नसते. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे आणि २०२१ पासून त्याची आकडेवारी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर संगणकीय पद्धतीने गोळा होते. आरोग्य सेविका संशयित रुग्णांची, डॉक्टर संभाव्य रुग्णांची आणि प्रयोगशाळा निश्चित रुग्णांची नोंद करतात. रोज सकाळी चाळीस मुलांचे चेहरे पाहणारा शिक्षक मात्र या नियमित साखळीत नाही.

शालेय आरोग्याचा आपला इतिहास तसा अल्प नाही. विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदे शहरात झाली. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीतील ही गोष्ट. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्यातच जमा असल्याचे नमूद केले आणि १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शाळांना एकदा भेट देतात. जन्मजात व्यंग, हृदयविकार, दृष्टिदोष, कुपोषण यांचे निदान करण्यात या भेटींनी मोलाची कामगिरी बजावली आहे आणि अनेक मुलांवर त्यातून मोफत शस्त्रक्रिया झाल्या. पण वर्षातून एकदा येणारे पथक आठवडाभरात पसरून ओसरणारी साथ पकडू शकत नाही. तो त्या कार्यक्रमाचा उद्देशही नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याचा कार्यक्रम जाहीर झाला, आणि पुढच्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. या शिक्षकांकडे हजेरीपटातील आजाराच्या रकान्याची जबाबदारी सोपवणे स्वाभाविक ठरेल. मात्र शिक्षकांवर निवडणूक, जनगणना आणि नाना प्रकारच्या माहिती-भरणीचा बोजा आधीच आहे, हे ध्यानात घेऊन हा रकाना एका अक्षराचा असावा. त्यासाठी पुन्हा एक वेगळे ॲप काढण्याचा मोह टाळलेला बरा.

हात धुण्याचा विषय सर्वपरिचित असल्याने त्यावर फार लिहिण्याचे प्रयोजन नाही, पण एक विसंगती नोंदवावीशी वाटते. शासकीय आकडेवारीनुसार २०१२-१३ मध्ये देशातील सुमारे ३६ टक्के शाळांत हात धुण्याची सोय होती. २०२०-२१ पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. ही प्रगती मोठी आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी, जागतिक हात धुवा दिनी, मध्य प्रदेशात १२ लाखांहून अधिक मुलांनी एकाच दिवशी हात धुऊन विश्वविक्रमही केला. पण नळ असणे, नळाला पाणी असणे आणि मधल्या सुट्टीच्या पंधरा-वीस मिनिटांत दोनशे मुलांचे हात त्या चार नळांखाली धुऊन होणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची मोजदाद होते, तिसरीची होत नाही. जेवणाची सुट्टी इयत्तावार दहा मिनिटांच्या अंतराने सोडणे, भोके पाडलेल्या एका लांब नळीतून एकाच वेळी अनेकांना पाणी मिळेल अशी व्यवस्था करणे, साबणाची वडी जाळीच्या पिशवीत नळाला बांधून ठेवणे, हे उपाय अनेक ग्रामीण शाळांनी स्वतः शोधून काढले आहेत. साबणाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हा मुख्याध्यापकांपुढील प्रश्न मात्र बरेचदा अनुत्तरित राहतो.

डेंग्यूच्या बाबतीत शाळेची वेळ हीच अडचण आहे. एडिस जातीचा डास दिवसा चावतो; सकाळी आणि दुपार कलताना त्याचा उपद्रव अधिक असतो. म्हणजे मुले मच्छरदाणीत असताना नव्हे, तर बाकावर असताना त्यांना तो गाठतो. या डासाची अंडी कोरड्या पृष्ठभागावर अनेक महिने टिकतात आणि पाणी लागले की आठवडाभरात त्यांतून डास तयार होतात. त्यामुळे शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात टाक्या घासून धुणे आणि त्यानंतर दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळणे अपरिहार्य आहे. नुसते पाणी ओतून दिल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत, म्हणून घासणे महत्त्वाचे. दिल्लीत २०१५ च्या मोठ्या साथीच्या वेळी शाळांना पूर्ण बाह्यांच्या कपड्यांची सूचना देण्यात आली होती. उन्हाळी गणवेशाची अर्धी चड्डी आणि अर्ध्या बाह्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळापुरत्या बदलण्याचा निर्णय कोणतीही शाळा स्वतःच्या अधिकारात घेऊ शकते.

लसीकरणाविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण लस ही तान्ह्या बाळांची बाब आहे असा समज दृढ आहे. राष्ट्रीय वेळापत्रकात घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वाताचा वर्धक डोस ५ ते ६ वर्षे या वयात, आणि धनुर्वात-घटसर्पाची लस १० व १६ व्या वर्षी अंतर्भूत आहे. म्हणजे पहिलीत प्रवेश घेताना, पाचवीत आणि दहावीच्या आसपास. घटसर्पाविरुद्धची प्रतिकारशक्ती वयानुसार क्षीण होत जाते आणि हे डोस राहिले तर रोग शाळकरी वयात गाठतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०१६ मध्ये आणि दिल्लीत २०१८ मध्ये घटसर्पाने घेतलेले बळी याची साक्ष देतात. बाळाचे लसीकरण पत्रक आई जपून ठेवते; दहा वर्षांच्या मुलाचे पत्रक मात्र बहुतेक घरांत सापडत नाही. शाळेच्या प्रवेश अर्जासोबत जन्मदाखला मागितला जातो, तसे लसीकरण पत्रकही पाहिले जावे. प्रवेश नाकारण्यासाठी मुळीच नव्हे, तर राहिलेला डोस कोणता हे आरोग्य सेविकेला कळवण्यासाठी.

गोवर-रुबेला मोहिमेने या क्षेत्रातील यश आणि अडथळे दोन्ही दाखवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तामिळनाडू, कर्नाटक, गोवा, लक्षद्वीप आणि पुदुच्चेरी येथून ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि तीन कोटींहून अधिक मुलांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यात शाळा हेच प्रमुख केंद्र होते. मोबाइलवरून पसरलेल्या अफवांनी काही ठिकाणी पालकांनी लसीच्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवले नाही. हजेरीपटाने येथेही काही सांगितले होते, कोणत्या वस्तीतून त्या दिवशी मुले आली नाहीत ते. दिल्लीत वेगळाच प्रसंग उद्भवला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीविना शाळांमध्ये ही लस देण्यास स्थगिती दिली. काहींना हा निर्णय मोहिमेतील विघ्न वाटला. परंतु पालकांना पुरेशी माहिती देऊन त्यांची संमती मिळवण्यात गेलेले दोन आठवडे पुढच्या प्रत्येक मोहिमेत उपयोगी पडतात. न विचारता टोचलेली सुई एका मुलाचे रक्षण करते आणि शेजारच्या दहा घरांत संशय पेरते.

मुंबईच्या गोवंडी भागात २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उसळलेल्या गोवरात मृत्युमुखी पडलेली बहुतांश मुले पाच वर्षांखालील होती. कोविडच्या काळात राहिलेले डोस आणि दाट वस्ती ही त्याची कारणे होत. शाळेचा संबंध असा की एका खोलीच्या घरात शाळेतून येणारे थोरले भावंड आणि अंगावर पिणारे धाकटे एकाच चटईवर झोपतात. शाळेतील प्रतिबंधाचा लाभार्थी केवळ विद्यार्थी नसतो. घरातील तान्हे बाळ आणि दम्याने त्रस्त आजोबा यांचाही त्यात वाटा असतो, आणि साध्या फ्लूमध्ये जीव बहुधा याच दोघांचा धोक्यात येतो.

निवासी शाळांची स्थिती यापेक्षा बिकट आहे. आश्रमशाळांतील अनेक ठिकाणी दिवसाचा वर्ग हाच रात्रीचा शयनकक्ष असतो. तेथे खरूज एका मुलाला झाली की पांघरुणांमार्फत ती सर्वांना होते, आणि एकट्या मुलावर उपचार करून भागत नाही. एकाच दिवशी सर्वांना मलम लावावे लागते, अंथरुणे धुऊन उन्हात टाकावी लागतात. पावसाळ्यात ऊन कुठले? अशा शाळेत साथ आली की मुलांना घरी पाठवण्याचा मार्ग सोपा वाटतो. परंतु संसर्गाच्या काळात शेकडो मुले दुर्गम पाड्यांवर परतली, तर गोवर किंवा फ्लू अशा ठिकाणी पोहोचतो जेथे सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र काही तासांच्या अंतरावर असते. निवासी शाळेत चार खाटांची वेगळी खोली असणे ही त्यामुळे चैन नसून मूलभूत गरज आहे.

आता त्या आक्षेपाकडे वळू. आजारी मुलाला घरी ठेवा, असे सांगणे सोपे आहे. पण घरी कोणाजवळ? धुणी-भांडी करणाऱ्या आईने तीन दिवस सुट्टी घेतली तर तीन दिवसांचा पगार कापला जातो, कधी कामच जाते. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात काम करणाऱ्या जोडप्याला तर एकाने मागे राहणे परवडत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा आणि लस दोन्ही एकाच वेळी सुटतात. शाळा हे अशा घरांसाठी शिक्षणाचे ठिकाण तर आहेच, शिवाय मूल सुरक्षित राहण्याची आणि एक वेळ पोटभर जेवण्याची जागाही आहे. तापाने फणफणलेले मूल शाळेत पाठवणाऱ्या आईला निष्काळजी ठरवणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. ती मुलाला शाळेत पाठवते कारण तेथे कोणी तरी त्याच्याकडे पाहील, आणि दुपारी खिचडी मिळेल.

म्हणूनच आजारपणाच्या रजेचा विचार अन्नाच्या विचारापासून तोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले माध्यान्ह भोजन देशभर पोहोचले. २०२१ पासून ते पीएम पोषण या नावाने ओळखले जाते. या योजनेसाठी २०१५ मध्ये करण्यात आलेल्या नियमांत, शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणाने भोजन पुरवता आले नाही तर त्याऐवजी अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आहे. मार्च २०२० नंतर शाळा बंद असताना याच आधारावर राज्यांनी तांदूळ, डाळ किंवा पैसे मुलांच्या घरी पोहोचवले. ही तरतूद शाळेने भोजन न पुरवल्यास लागू होते. मूल आजारामुळे आले नाही तर लागू होत नाही. वर्गशिक्षकाने आजाराची खूण केलेल्या दिवसांचा शिधा महिन्याच्या अखेरीस त्या मुलाच्या पिशवीत घालता यावा, एवढीच दुरुस्ती या नियमात करावी लागेल. दर विद्यार्थ्यामागे धान्याचे परिमाण ठरलेलेच आहे, प्राथमिकसाठी १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकसाठी १५० ग्रॅम. चार दिवस कांजिण्यांनी घरी राहिलेल्या तिसरीतील मुलाचे ४०० ग्रॅम तांदूळ होतात.